जागं ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र घ्याव्यात का? नागपूरच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी-शुगरच्या गोळ्यांबद्दल लोक मेडिकलच्या काउंटरवर मोठ्याने विचारतात. लक्ष लागण्याच्या किंवा झोप उडवण्याच्या गोळ्यांबद्दल मात्र गर्दी ओसरल्यावर, आवाज खाली आणून. विचारणाऱ्यांत कोचिंगची पोरं असतात, मिहानमधले रात्रपाळीवाले, बुटीबोरीचे सुपरवायझर, अमेरिकेहून सुट्टीवर आलेले भाचे-पुतणे आणि या सगळ्यांच्या आया. प्रश्न बहुतेक तेच, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतोय. मी फार्मासिस्ट आहे. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टर ठरवतात, ते पोटात गेल्यावर काय करतं हे मी सांगू शकतो.

नेमक्या कुठल्या गोळ्यांची गोष्ट चालली आहे?

दोन गट आहेत. पहिला स्टिम्युलंटचा, म्हणजे मेंदूला उत्तेजन देणाऱ्या औषधांचा. आपल्याकडे यातलं मिळतं ते मिथाइलफेनिडेट, ॲडवाइज किंवा इन्स्पायरल अशा नावांनी, मुख्यतः एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या त्रासासाठी. अमेरिकेत याच कामासाठी ॲम्फेटामिन गटातली ॲडरॉलसारखी औषधंही लिहितात. ती इथल्या दुकानात मिळत नाहीत.

दुसरा गट जागं ठेवणाऱ्या औषधांचा: मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल. मोडॅलर्ट, वॅकलर्ट ही नावं ऐकली असतील. नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप, हा त्यांचा मूळ उपयोग. शिवाय स्लीप ॲप्नियाचे (झोपेत श्वास थांबण्याच्या त्रासाचे) उपचार नीट चालू असूनही उरणारी पेंग आणि पाळीच्या कामामुळे बिघडलेली झोप यांसाठीही ती देतात. युरोपच्या औषध नियामकांनी मात्र २०१० मध्ये आढावा घेऊन मोडाफिनिल फक्त नार्कोलेप्सीपुरतं ठेवावं असं सांगितलं, कारण बाकी ठिकाणी फायद्यापेक्षा धोका त्यांना जड वाटला.

दोन्ही सोबत घेतल्या तर चालतात का? हो की नाही ते सांगा.

स्वतःच्या मनाने घेत असाल तर नाही. एकाच डॉक्टरांनी विचार करून दोन्ही लिहिल्या असतील तर कधीकधी हो. नार्कोलेप्सीच्या काही रुग्णांना सकाळी मोडाफिनिल आणि दुपारी पेंग अनावर झाली तर मिथाइलफेनिडेटचा छोटा डोस असं झोपेचे तज्ज्ञ देतात. त्याआधी बीपी, नाडी, गरज वाटल्यास ईसीजी बघतात आणि महिन्याभरात पुन्हा बोलावतात.

गडबड होते ती मधल्या प्रकारात. धंतोलीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एक गोळी लिहिली, रामदासपेठेतल्या छातीच्या डॉक्टरांनी दुसरी, आणि दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठीचा पत्ता नाही. पेशंट दोन फायली दोन पिशव्यांत घेऊन फिरतो. दोन्ही चिठ्ठ्या एकाच दुकानात आल्या तर आमच्या लक्षात येतं. वेगवेगळ्या दुकानांत गेल्या तर कोणाच्याच नाही.

नेटवर वाचलं की या दोघींची एकमेकींशी रिॲक्शन होत नाही. मग भीती कसली?

वाचलं ते खोटं नाही, अर्धं आहे. मोडाफिनिल २०० मिलिग्रॅम आणि मिथाइलफेनिडेट ४० मिलिग्रॅम, प्रत्येकी एकच डोस सोबत देऊन रक्तातली पातळी मोजली गेली आहे. दोन्हींच्या पातळीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, मोडाफिनिल शोषलं जायला साधारण एक तास उशीर झाला एवढंच. ॲम्फेटामिन गटातल्या डेक्स्ट्रोॲम्फेटामिन १० मिलिग्रॅमसोबतही तसंच दिसलं.

पण त्या तपासणीत मोजलं होतं ते रक्तातलं औषध. एकीमुळे दुसरी रक्तात साचते का, एवढाच तो प्रश्न होता. मेंदूवर आणि हृदयावर दोन्हींचा मिळून जोर किती पडतो हा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे बेरीज होते. मिथाइलफेनिडेट मेंदूतलं डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन परत खेचून घेणारे पंप अडवतं. मोडाफिनिल त्यातला डोपामिनचा पंप थोडा अडवतं, शिवाय जागेपणाच्या इतर यंत्रणांनाही हलवतं. एकाच बैलाला दोन जण पराणी टोचत असतील तर पराण्या एकमेकींना लागत नाहीत, बैलाला लागतात.

आणखी एक बारकावा. तो एक तासाचा उशीर निरुपद्रवी वाटतो, पण ‘अजून काही वाटेना’ म्हणून आणखी एक गोळी घेतली जाते ती त्याच तासात.

मग शरीरात होतं तरी काय?

मिथाइलफेनिडेटने सरासरी बीपी २ ते ४ अंकांनी आणि नाडी मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांनी वाढते. आकडा किरकोळ दिसतो. पण ही सरासरी आहे, काहींना बरीच जास्त वाढते. मोडाफिनिलच्या चाचण्यांत बीपीची गोळी नव्याने सुरू करावी किंवा वाढवावी लागलेले २.४ टक्के होते, तुलनेसाठी औषध नसलेली गोळी दिलेल्यांत ०.७ टक्के. आधीच बीपीचा त्रास, हृदयाची झडप किंवा जाड झालेली भिंत, ठोक्यांची अनियमितता किंवा वाढलेला थायरॉइड असेल तर ही बेरीज धोक्याची आहे. काचबिंदू असेल तर तेही आधी सांगा.

मनाचा भाग लोक विसरतात. चिडचिड, छातीत धडधड, दात आवळणे, विनाकारण संशय, आणि ज्यांच्या घरात बायपोलर (मन टोकाचं वर-खाली होण्याचा आजार) किंवा सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटण्याचा) इतिहास आहे त्यांच्यात भ्रम. हे दोन्ही गटांत एकेकट्यानेही होऊ शकतं. जोडीने घेतल्यावर कुठल्या गोळीमुळे झालं हेच कळत नाही, आणि मग डॉक्टर तरी काय बंद करणार?

डोकेदुखी, कोरडं तोंड, भूक मरणे हे तर ठरलेलंच.

सकाळी एक, दुपारी दुसरी असं अंतर ठेवलं तर?

मोडाफिनिल निम्मं उतरायला १२ ते १५ तास घेतं. दुपारी २ वाजता २०० ची गोळी घेतली तर पहाटे २ ते ५ च्या दरम्यान रक्तात अजून १०० मिलिग्रॅमएवढा असर शिल्लक असतो. साध्या मिथाइलफेनिडेटचा काळ छोटा, ३-४ तासांत असर ओसरतो. हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा ८ ते १२ तास. म्हणजे आठ वाजता मोडाफिनिल आणि दोन वाजता मिथाइलफेनिडेट घेतलं तर तुमच्या हिशेबात अंतर आहे, शरीराच्या हिशेबात दोन्ही सोबतच आहेत.

हळू सुटणारी गोळी अर्धी करून किंवा चावून खाऊ नका. दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

पण एका गोळीने भागतच नाही. काय करावं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या गोळीत क्वचितच असतं.

पहिलं म्हणजे, जास्त घेतलं की जास्त होतं असं नाही. मोडाफिनिलचा ४०० चा डोस लोकांना सोसतो, पण २०० पेक्षा खात्रीने जास्त फायदा देतो असा पुरावा नाही. मिथाइलफेनिडेटलाही साधारण दिवसाला ६० मिलिग्रॅमची वरची मर्यादा धरतात.

दुसरं, पेंग आणि थकवा वेगळे. बसल्या जागी डोळा लागतो ती पेंग. झोप येत नाही पण जिना चढवत नाही तो थकवा. थकव्यावर या गोळ्या घेणं म्हणजे कारण झाकणं. आपल्या भागात हिमोग्लोबिन कमी असणं काही नवीन नाही, आणि पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. सिकलसेल असलेल्या माणसाने थकव्यावर झोप उडवणारी गोळी घेणं मला तरी बघवत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर या तपासण्या दुसऱ्या गोळीच्या आधी यायला हव्यात.

तिसरं, घोरणं. घरच्यांना विचारा: मोठ्याने घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का, मग गुदमरल्यासारखं होऊन पुन्हा सुरू होतो का? तसं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करा. झोपेत ऑक्सिजन पडत असताना दिवसा मोडाफिनिल घेतलं तर डोळे उघडे राहतील, पण हृदयावरचा रात्रीचा ताण तसाच चालू राहील. त्यात मोडाफिनिल दिलं तरी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वास चालू ठेवणारं) बंद करायचं नसतं. ते दर रात्री लावावंच लागतं.

चौथं, तुम्ही आणखी काय घेता? ॲलर्जीची गोळी, खोकल्याचं औषध, मानदुखीसाठी स्नायू सैल करणारी गोळी, रात्रीची झोपेची गोळी. सकाळची पेंग यातूनच येत असते. एका गृहस्थांची पिशवी मी काउंटरवर उलटी केली तेव्हा त्यात मोडाफिनिलसोबत रात्री घ्यायची, झोप आणणारी क्लोनाझेपाम आणि दिवसातून दोनदा घ्यायची सर्दीची गोळी निघाली. तिन्ही चिठ्ठ्या खऱ्या, तीन डॉक्टरांच्या. त्यांना जागं राहायला आणखी एका गोळीची गरज नव्हती, दोन कमी करण्याची होती.

आणि शेवटी, रोज पाच तास झोपणाऱ्याला कुठलंही औषध पुरणार नाही.

मुलगा नीटची तयारी करतो. मित्राकडून पाकीट आणलंय, ‘सगळेच घेतात’ म्हणतो.

सगळे घेत नाहीत, एवढं त्याला आधी सांगा. नंतर ओरडू नका, पाकीट मागून नाव वाचा. १८ च्या आतल्यांना मोडाफिनिल देत नाहीत. एडीएचडी असलेल्या मुलांवरच्या चाचण्यांत गंभीर पुरळाचा संशय आला आणि अमेरिकेत त्या उपयोगाला २००६ मध्ये परवानगी नाकारली गेली. मिथाइलफेनिडेट ६ वर्षांपुढच्या मुलांना देतात, पण एडीएचडीचं निदान करून, वजन-उंची-बीपी बघत.

जागलेली रात्र आणि लक्षात राहिलेलं पान यांचा मेळ बसत नाही. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. रात्री तीनला बायॉलॉजीचा धडा संपवल्याचा आनंद होतो, आणि त्या आनंदातला काही भाग गोळीचाच असतो.

त्याचं खरंच लक्ष लागत नसेल, लहानपणापासूनच तसं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे हा विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतून बोलतात.

चहा? एनर्जी ड्रिंक? खर्रा?

एक-दोन चहा चालतात. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिच्या डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. तेही त्याच बेरजेत धरा.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीबद्दल, डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही. तंबाखूतलं निकोटिन नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं, सुपारीही उत्तेजकच आहे. दिवसाला चार-पाच पुड्या घोटणाऱ्या माणसाच्या अंगात एक स्टिम्युलंट आधीच चालू असतं. त्यावर मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल म्हणजे दोन नाही, तीन झाले. लाज वाटली तरी डॉक्टरांना पुड्यांचा आकडा खरा सांगा.

दारू नको. या गोळ्यांवर नशा चढल्याचं कळत नाही म्हणून जास्त पिली जाते.

संत्र्याचा रस चालतो का?

हा प्रश्न फक्त नागपुरातच येतो. मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिलसोबत संत्र्याने काही बिघडत नाही. ॲम्फेटामिनचं वेगळं आहे: व्हिटॅमिन सी आणि आंबट रसांमुळे ते कमी शोषलं जातं आणि लघवीतून लवकर निघून जातं. म्हणून अमेरिकेहून आलेल्या भाच्याने गोळी घेतल्या-घेतल्या तासाभरात रसाचा ग्लास रिचवू नये. उलट, खाण्याचा सोडा आणि काही अँटासिडमुळे तेच औषध शरीरात जास्त वेळ टिकतं. सावजी जेवून आल्यावर सोडा मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मे महिन्यात काही वेगळी काळजी?

हो. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा या गोळ्यांनी मेलेली भूक आणि कोरडं तोंड जास्त महागात पडतं. माणूस जेवत नाही, दमल्याचं जाणवत नाही म्हणून उन्हात काम करत राहतो. ॲम्फेटामिन शरीराचं तापमानही वाढवतं. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं तर ऊन लागलं म्हणून फक्त कांदा लावत बसू नका, दवाखान्यात न्या.

कुठल्या औषधांसोबत जास्त सांभाळायचं?

लिनेझोलिड हे अँटिबायोटिक सगळ्यात आधी. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत ते बरेच महिने चालतं, आणि मेंदूत एमएओ नावाचं एन्झाइम अडवतं. त्यावर मिथाइलफेनिडेट किंवा ॲम्फेटामिन घेतलं तर बीपी एकदम उसळू शकतं. पार्किन्सन्सच्या सेलेजिलिनचंही तेच. अशी औषधं बंद झाल्यावरही १४ दिवस थांबतात.

सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन बीपी वाढवतं. दुकानदाराला ‘नुसती सर्दीची द्या’ म्हणू नका, काय चालू आहे ते सांगा.

मोडाफिनिल यकृतातली काही एन्झाइम वाढवतं, काही दाबतं. त्यामुळे फिनिटॉइन, डायझेपाम, प्रोप्रानोलॉल यांचा असर वाढू शकतो, सायक्लोस्पोरिनचा घटतो, आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्त पुन्हा तपासावं लागतं.

गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत.

मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल त्यांचा असर कमी करतात, आणि औषध बंद केल्यावरही हे एक ते दोन महिने राहतं. ही गोष्ट काउंटरवर मुली विचारत नाहीत आणि कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितोय. तांबी किंवा निरोध यावर परिणाम होत नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर मोडाफिनिल घेऊ नका. बाळात जन्मजात दोष दिसल्याच्या नोंदींवरून ब्रिटनमध्ये २०२० पासून गरोदरपणात ते टाळायला सांगतात.

अंगावर पुरळ आलं तर?

मोडाफिनिल तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. बहुतेक वेळा साधं निघतं. पण ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सुटणं असं असेल तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे कातडी सोलवटणारी जिवावरची रिॲक्शन, असू शकतो, आणि त्यात तास मोजावे लागतात. घरात उरलेली ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघू नका.

मिथाइलफेनिडेट आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये का मिळत नाही?

ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत, आहे. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, कुलपात ठेवावं लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत आम्हाला दोन वर्षं जपावी लागते. बरेच दुकानदार ही कटकटच नको म्हणतात. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार शेड्यूल एक्सची औषधं व्हिडिओ कॉलवर लिहिताच येत नाहीत, म्हणून ‘ऑनलाइन डॉक्टर’ने दिलेली चिठ्ठी दाखवली तर आम्ही परतच पाठवणार. चिठ्ठीशिवाय जवळ बाळगणं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात येतं, मग पाकीट मित्राचं असलं तरी.

अमेरिकेहून आलोय, ॲडरॉल सोबत आहे. इथल्या मोडाफिनिलने गॅप भरू का?

नका भरू. मोडाफिनिल त्याचा पर्याय नाही. मूळ डबी आणि चिठ्ठी सोबत ठेवा, गोळ्या संपायला आल्या असतील तर तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना विचारूनच इथल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषध बदलायचं ठरलं तर किती दिवसांचं अंतर ठेवायचं तेही तेच सांगतील. मोडाफिनिल पूर्ण उतरायला साधारण तीन दिवस लागतात.

रात्रीची ड्यूटी संपवून समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन जायचं आहे. एक घेऊ?

गोळी घेऊन ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता कापायचा बेत आधी रद्द करा. डोळे उघडे असणं आणि ब्रेकवर पाय वेळेत जाणं एकच नाही. दुसरा ड्रायव्हर घ्या, नाहीतर झोपून निघा.

चुकून दोन्ही घेतल्या. आता?

घाबरून लगेच तिसरं काही घेऊ नका. विशेषतः धडधड शांत करायला घरातली ॲल्प्रॅक्स (मन शांत करणारी, झोप आणणारी गोळी) किंवा पेग नको. त्या दिवशीचे पुढचे डोस टाळा, चहा-खर्रा बंद, थंड जागी बसा, पाणी प्या, तासातासाला नाडी आणि बीपी बघा, डॉक्टरांना फोन करा. सोबत कोणीतरी असू द्या.

छातीत दुखणं, श्वास लागणं, चक्कर येऊन पडणं, झटका, अंग तापणं, भास, किंवा बीपी १८०/१२० च्या पुढे: १०८ लावा. जाताना पाकिटं सोबत न्या. कॅज्युअल्टीत ‘कुठलीतरी जागायची गोळी’ म्हणून सांगितलं तर पहिली पंधरा मिनिटं ओळखण्यातच जातात.

बरेच महिने घेतोय. एकदम बंद करू?

मिथाइलफेनिडेट मोठ्या डोसमध्ये बरेच दिवस घेतलं असेल तर एकदम सोडल्यावर मन फार खाली जाऊ शकतं. डॉक्टरांच्या नजरेखाली कमी करा. जीव नकोसा वाटला तर वाट न बघता १४४१६.

उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं?

धाकट्या भावासाठी ठेवू नका, कपाटात तर मुळीच नाही. केंद्रीय औषध नियामकांनी २०२५ मध्ये शौचालयात टाकून पाणी सोडायच्या १७ औषधांची यादी दिली आहे, मिथाइलफेनिडेट त्यात आहे. मोडाफिनिल त्या यादीत नाही. ते पाकिटातून काढून मातीत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळा आणि बंद पिशवीत घालून कचऱ्यात द्या.